सणासुदीची क्रूझ : राणीसावरगाव ते बॅलार्ड पिअर, एक हिशेब

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ येऊ लागल्या, की कुटुंबासह जहाजावर सण साजरा करण्याचे आमंत्रण देणाऱ्या जाहिरातींची संख्या वाढू लागते. या जाहिराती आता मुंबई-पुण्याच्या वाचकांपुरत्या राहिलेल्या नाहीत. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या राणीसावरगावातही त्या मोबाईलच्या पडद्यावर तितक्याच सहजतेने पोहोचतात. मराठवाड्याला समुद्र नाही; त्यामुळे समुद्राचे आकर्षण येथे किनाऱ्यापेक्षा अधिकच असते. नोकरी करणाऱ्या एखाद्या जोडप्याच्या मनात मुलांना एकदा जहाज दाखवावे, अशी इच्छा निर्माण झाली तर ती हौस अनाठायी म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की वर्षभराच्या बचतीचा मोठा भाग खर्चून ही हौस सणाच्याच दिवशी भागवावी का, आणि त्या बदल्यात नेमके काय पदरात पडते?

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील आकड्यावरून मिळत नाही. जाहिरातीत ‘अमुक हजारांपासून’ असे लिहिलेले असते. हा आकडा प्रायः एका प्रवाशाचा, एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून, सर्वांत स्वस्त केबिनसाठी आणि सर्वांत स्वस्त तारखेसाठी दिलेला असतो. बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि वस्तू व सेवा कर त्यात धरलेला असतोच असे नाही. ही तक्रार केवळ भारतातील प्रवाशांची नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून लागू केलेल्या कायद्याने जाहिरातीतील किमतीत अनिवार्य शुल्के धरणे बंधनकारक केले, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांना आपले दर मांडण्याची पद्धत बदलावी लागली. भारतीय ग्राहकाने मात्र ‘सर्व करांसह चौघांचे एकूण किती?’ हा प्रश्न स्वतःच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे, हे उत्तम.

जहाजे आली आणि गेली

मुंबईच्या किनाऱ्यावरून प्रवासी जहाजाने जाणे ही काही नवी गोष्ट नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटींनी चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांना गावी पोहोचवले. तो गरजेचा प्रवास होता. वळकटी आणि डबा बरोबर घेऊन डेकवर जागा धरायची आणि आपले बंदर आले की पडावात उतरायचे. जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण मानणारा आजचा क्रूझ पर्यटनाचा प्रकार त्यानंतर पुष्कळ उशिरा आला. स्टार क्रूझेस कंपनीचे ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज २००५ मध्ये मुंबईत दाखल झाले. गोवा आणि लक्षद्वीपच्या सहली त्याने सुरू केल्या. पण काही हंगामांनंतर ते येथून गेले. इटलीच्या कोस्टा कंपनीची जहाजे २०१६ पासून काही हिवाळी हंगामांत मुंबईहून मालदीवकडे जात होती. याच कंपनीच्या ‘कोस्टा सेरेना’ जहाजाने नोव्हेंबर २०२३ पासून एक हंगाम देशांतर्गत सहली केल्या.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली. कान्होजी आंग्रे यांच्या नावामुळे मराठी माणसाला तिचे विशेष कौतुक वाटले. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ जहाज आले. करोनाच्या साथीत दोन्ही सेवा बंद पडल्या. जलेशने ऑक्टोबर २०२० मध्ये व्यवसायच गुंडाळला आणि ‘कर्णिका’ अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर गेली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुरू झाले. ते १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले आणि पुढे रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ म्हणून वावरले. म्हणजे भारतीय कुटुंब ज्या जहाजावर हौसेने चढते, ते जहाज कित्येकदा त्या कुटुंबातील मुलांच्या आई-वडिलांइतके वयाचे असते. यात धोका आहे असे नव्हे. चित्रफितींतील अमेरिकेच्या नव्या अजस्र जहाजांवरची घसरगुंड्यांची उद्याने आणि बर्फावरचे खेळ मनात ठेवून मुंबईच्या धक्क्यावर जाऊ नये, एवढाच याचा अर्थ.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यवहारी आहे. सणाच्या तारखांसाठी सहा-आठ महिने आधी पैसे भरले तर सवलत मिळते, असे एजंट सांगतात; आणि ते बहुधा खरेही असते. परंतु भारतातील क्रूझ कंपन्यांचे आयुष्य गेल्या वीस वर्षांत अनेकदा अल्प ठरलेले आहे. आगाऊ रक्कम भरताना सहल रद्द झाली तर पैसे रोख परत मिळणार की पुढील सहलीचे ‘क्रेडिट’ मिळणार, मार्ग बदलला तर भरपाई आहे का, आणि आपणच रद्द केले तर किती दिवस आधी किती टक्के कापले जातील, ही तीन कलमे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. मराठवाड्यातील कुटुंबाला तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप पिकांची दाणादाण उडाली. घरात पगार असला तरी शेतीही असते, आणि सोयाबीनच्या पैशावर दिवाळीबरोबरच रब्बीची पेरणीही अवलंबून असते. जूनमध्ये परवडणारी वाटलेली सहल ऑक्टोबरमध्ये परवडेनाशी होऊ शकते.

सरकारी पातळीवर या व्यवसायाला बळ देण्याचे प्रयत्न चालू आहेत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ची सुरुवात झाली. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले असून, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय होईल अशा बेताने ते उभारलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणाऱ्या प्रवाशाला तेथवर टॅक्सीने जाण्यास फार वेळ लागत नाही. मराठवाड्याच्या प्रवाशाची दमछाक होते ती त्याआधी.

गाव ते धक्का

राणीसावरगावहून निघालेल्या कुटुंबाला आधी एसटीने किंवा जीपने गंगाखेड आणि तेथून परभणी गाठावी लागते. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी सकाळी मुंबईत पोहोचवते. लोहमार्गाचे हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. जहाज संध्याकाळी सुटणार असले तरी प्रवाशांची नोंदणी कित्येक तास आधी बंद होते, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. गाडीला चार-सहा तास उशीर होणे हा या मार्गावरील प्रवाशांना अपरिचित प्रकार नाही. म्हणून एक दिवस आधी मुंबईत पोहोचून मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते. परतीच्या दिवशी याच्या उलट अडचण येते. जहाज सकाळी धक्क्याला लागते, गाडी रात्री असते. मधला दिवस सामान आणि मुले सांभाळत काढावा लागतो.

आणखी एक विसंगती आहे, जी एजंट सांगत नाहीत. क्रूझचे आरक्षण कित्येक महिने आधी होते. रेल्वेचे आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या केवळ ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे जहाजाचे पैसे भरून झाल्यावरही रेल्वेची जागा मिळेलच याची खात्री नसते. दिवाळीपूर्वी परभणीहून मुंबईकडे जाणे त्या मानाने सोपे, कारण गर्दीचा ओघ उलट दिशेने गावाकडे असतो. भाऊबीजेनंतर मात्र सारा ओघ मुंबई-पुण्याकडे वळतो, आणि खासगी बसचे दरही त्याच आठवड्यात चढतात.

आता प्रत्यक्ष हिशेब. पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे दरपत्रक नव्हेत. ते केवळ पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, आणि वाचकाने त्यांच्या जागी स्वतःला मिळालेले दर घालावेत. नवरा-बायको आणि दोन मुले, तीन रात्रींची मुंबई-गोवा-मुंबई सहल, सर्व एकाच केबिनमध्ये. समजा, मोठ्या माणसाचे मूळ भाडे २२,००० रुपये आणि मुलाचे १०,००० रुपये आहे. चौघांचे ६४,००० झाले. बंदर शुल्क आणि सेवाशुल्क मिळून माणशी ३,००० धरल्यास १२,००० वाढतात. या ७६,००० वर ५ टक्के कर धरला तर ३,८००. म्हणजे जहाजाचे एकूण ७९,८०० रुपये. रेल्वेची जाण्या-येण्याची आठ वातानुकूलित तिकिटे प्रत्येकी १,२०० प्रमाणे ९,६००, जीप आणि टॅक्सीचे ५,०००, मुंबईतील एका रात्रीच्या मुक्कामाचे ४,०००, वाटेतील खाण्यापिण्याचे ३,०००. असा जमिनीवरचा खर्च २१,६०० होतो. गोव्यात उतरून फिरण्याचे ५,००० आणि जहाजावरील छायाचित्रे, सरबते, इंटरनेट, मुलांचे हट्ट यांचे ६,००० धरावेत. बेरीज १,१२,४०० रुपये. जाहिरातीतील २२,००० ची दुप्पट करून ४४,००० मनात धरलेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात त्याच्या अडीचपट रक्कम मोजावी लागते. यात कोणी फसवलेले नसते. फक्त बेरीज कोणी करून दाखवलेली नसते.

हा झाला साध्या तारखेचा खर्च. सणाच्या तारखेला मूळ भाडे समजा ३० टक्क्यांनी चढले, तर १९,२०० रुपये आणि त्यावरील कर ९६०, असे २०,१६० रुपये वाढतात. एकूण १,३२,५६०. गावापासून धक्क्यापर्यंत आणि परत, असा जो जमिनीवरचा सारा खर्च वर मांडला, जवळजवळ तेवढीच ही जादा रक्कम आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला सुटून चौथ्या दिवशी सकाळी नऊला परतणाऱ्या जहाजावर ६४ तास मिळतात. झोपेचे २४ वजा केल्यास जागेपणीचे ४० उरतात, आणि त्यांतील काही तास गोव्यात जातात. साध्या तारखेला जागेपणीच्या तासाला कुटुंबामागे २,८१० रुपये पडतात, सणाला ३,३१४. सकाळी उशिरा उठण्याची सवय असलेल्यांनी हा हिशेब आणखी कडक लावावा.

सणाच्या नावाने काय मिळते?

वाढीव रकमेतून जहाज बदलत नाही. केबिन, जेवणघर, पोहण्याचा तलाव, मार्ग आणि गोव्यातील मुक्कामाचे तास तेच राहतात. बदलते ते इतकेच : सजावट, विजेच्या दिव्यांच्या माळा, रांगोळी, सामुदायिक लक्ष्मीपूजन किंवा आरती, गोडाधोडाचे एखादे ताट, गाण्याचा किंवा नाचाचा खास कार्यक्रम. नाताळात झाड, सांताक्लॉज आणि मुलांना खाऊ. हे काहीच नाही असे म्हणता येणार नाही, आणि मुलांना त्याची मौज वाटते हेही खरे. पण घरच्या दिवाळीशी ताडून पाहिले तर काही गोष्टी जहाजावर मुळातच शक्य नसतात.

जहाजावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. त्यामुळे मेणबत्त्या, अगरबत्त्या, कापूर, फटाके बरोबर नेण्यास सर्वसाधारणपणे मनाई असते आणि सामान तपासताना ते काढून घेतले जाते. तेलाची पणती केबिनमध्ये लावता येत नाही. घरी केलेला चिवडा-चकलीचा डबाही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. बंद पाकिटातील पदार्थांना काही ठिकाणी मुभा असते. नरकचतुर्दशीचे उटणे लावून अभ्यंगस्नान करायचे तर केबिनचे न्हाणीघर एका माणसाला वळण्यापुरते असते. पहाटेच्या थंडीत बंबातले पाणी आणि अंगणात पहिली पणती कोणी लावायची यावरून मुलांची भांडणे, यांना दिवाळी म्हणणाऱ्या घराला जहाजावरची दिवाळी शोभिवंत पण परकी वाटण्याची शक्यता मोठी.

आणि भाऊबीजेचे काय? राणीसावरगावसारख्या गावात सासरी गेलेल्या लेकी-बहिणी दिवाळीला माहेरी येतात. भावाचे कुटुंब त्याच तीन दिवसांत समुद्रावर असेल तर बहिणीसाठी त्या वर्षी माहेरच्या दाराला कुलूप असते. घरी राहिलेल्या आजीने नातीला हाताशी घेऊन ओवाळणीचे ताट सजवायचे, ते कोणासाठी? हा तोटा रुपयांत मांडता येत नाही म्हणून तो हिशेबातून गळतो, आणि सहलीहून आल्यावर वर्षभर बोलण्यातून निघत राहतो.

या वादाला दुसरीही बाजू आहे, आणि ती बहुधा पुरुष हिशेब मांडत असल्यामुळे सुटून जाते. दिवाळीचा आनंद घरातील ज्या व्यक्तीच्या कष्टावर उभा असतो ती आठवडाभर आधीपासून भाजणी, पाक आणि तळणात अडकलेली असते. साफसफाई, पाहुणे, पंगती उरकून तिच्या वाट्याला सणाचे किती तास येतात? चार दिवस चूल नाही, भांडी नाहीत, ‘स्वयंपाक काय करू’ हा प्रश्न नाही, याची किंमत तीच सांगू शकेल. तिने ती वीस हजारांहून अधिक सांगितली, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागेल. निर्णयापूर्वी तिला विचारले जाते का, हा मात्र वेगळा प्रश्न.

तसेच भाऊ पुण्यात, बहीण ठाण्यात, आई-वडील गावी, अशा विखुरलेल्या कुटुंबाने मिळून दोन-तीन केबिन घेतल्या तर जहाज हेच त्यांचे भेटीचे घर होते. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या ज्येष्ठांना बसच्या सहलीत रोज सामान बांधून हॉटेल बदलणे जमत नाही. जहाजावर एकदा बॅग उघडली की शेवटच्या दिवशीच बंद करायची. अशा घरांसाठी सणाची तारीखही सार्थ ठरू शकते, कारण तेथे सण हरवत नाही, उलट जमतो.

तारीख पुढे ढकलली तर

पाश्चात्त्य देशांतील अनुभवी प्रवासी या बाबतीत एक साधी युक्ती वापरतात. कॅरिबियन समुद्रातील जहाजांवर नाताळची सजावट नोव्हेंबरातच सुरू होते. डिस्ने कंपनीच्या नाताळी सहलीही नोव्हेंबरपासून चालतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा वर्षातील सर्वांत महागड्या आठवड्यांपैकी असतो. मात्र नोव्हेंबरअखेरचा ‘थँक्सगिव्हिंग’ सण संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस स्वस्त असतात. झाड तेच, दिवे तेच, भाडे कमी. अमेरिकेत वा सिंगापूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शाळेच्या वेळापत्रकात बसले तर हा मार्ग खुला आहे. तेथे आणखी एक खर्च ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकेच्या मोठ्या कंपन्या माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी आपोआप आकारतात, आणि ती मुलांनाही लागू असते. चौघांच्या सात दिवसांच्या सहलीत केवळ या एका बाबीचे साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर होतात. भारतातून परदेशी क्रूझचे पॅकेज घेणाऱ्यांकडून उगमस्थानी करही गोळा केला जातो. तो आयकर विवरणपत्रात समायोजित होत असला तरी तोवर पैसे अडकून राहतात.

महाराष्ट्रातील कुटुंबाला याच युक्तीचे देशी रूप उपलब्ध आहे. शाळांची दिवाळीची सुटी भाऊबीजेला संपत नाही. बहुधा त्यानंतरही काही दिवस चालते. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज घरी करून, बहिणीची पाठवणी झाल्यावर निघणारी सहल घेतली तर सण आणि समुद्र दोन्ही मिळतात. शनिवार-रविवार टाळल्यास भाडे आणखी उतरण्याची शक्यता असते. रेल्वेच्या परतीच्या गर्दीचा अडसर राहतोच. त्यासाठी साठाव्या दिवशी सकाळी आरक्षण खुले होताच तिकीट काढणे, अथवा गर्दी ओसरेपर्यंत दोन दिवस थांबणे, हे दोनच उपाय. हवामानाच्या दृष्टीने हे दिवस अनुकूल असतात. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ चालत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अरबी समुद्र सर्वसाधारणपणे शांत असतो, आणि पहिल्यांदाच बोटीवर चढणाऱ्यांसाठी हीच वेळ योग्य.

बोट लागते की नाही, हे मात्र आधी ठाऊक असलेले बरे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुमारे तासाभरात पलीकडे नेते. मुंबईला नातेवाइकांकडे गेलेल्या कुटुंबाने ती फेरी एकदा करून पाहिली तर मुलांना समुद्र मानवतो का, याचा अंदाज अल्प खर्चात येतो. मोठे जहाज तुलनेने कमी हलते. तरीही मळमळीची सवय असलेल्यांनी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन मागावी. तीन रात्रींच्या सहलीत बाल्कनीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण उघडा डेक सर्वांना मोकळाच असतो. फक्त बंद खोलीत जीव घाबरणाऱ्यांनी खिडकीची केबिन घ्यावी. चौघांसाठीच्या केबिनमध्ये दोन बिछाने वर, रेल्वेच्या बर्थसारखे असतात; आजीला बरोबर न्यायचे तर वर कोण चढणार ते आधीच ठरवावे. सहा महिन्यांखालील बाळांना आणि २४ आठवड्यांपुढील गर्भवतींना बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु त्याचे शुल्क वेगळे असते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पुरेशा घ्याव्यात आणि प्रवास विमा काढावा. किनारा दूर गेला की मोबाईल बंद ठेवणे किंवा ‘फ्लाइट मोड’वर टाकणे श्रेयस्कर, जहाजावरील उपग्रह-नेटवर्क चुकून जोडले गेल्यास बिल चांगलेच फुगते. शाकाहारी आणि जैन जेवण भारतीय क्रूझवर मिळते. उपवास करणाऱ्यांनी मात्र आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

लक्षद्वीपच्या सहलीत एक सावधगिरी अधिक. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांनी बेटावर नेले जाते. वारा किंवा लाटा वाढल्या तर उतरणे रद्द होते, आणि करारात कंपनीने तशी मुभा आधीच घेतलेली असते. गोव्यात ही अडचण नाही. मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते. तेथून पणजी सुमारे तीस किलोमीटर असल्याने दिवसभरात एखादा समुद्रकिनारा, जुने गोवे किंवा मंगेशीचे दर्शन एवढेच होते. ज्यांना गोवा पाहायचा आहे त्यांनी रेल्वेने जावे. तेवढ्याच पैशांत चार-पाच दिवस राहता येईल, तारकर्लीचा किनाराही वाटेवर आहे. ज्यांना जहाज पाहायचे आहे त्यांनीच जहाजाने जावे.

राणीसावरगावच्या त्या कुटुंबापुढे आता तीन तारखा आहेत : लक्ष्मीपूजनाची, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातली आणि फेब्रुवारीतली एखादी साधी तारीख, जेव्हा भाडे उतरलेले असेल पण मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडेल. एजंटकडून तिन्ही तारखांचे, सर्व करांसह चौघांचे एकूण आकडे एकाच कागदावर लिहून मागावेत आणि तो कागद घरात सर्वांसमोर, आजी आणि माहेरी येणाऱ्या बहिणीशीही बोलून, वाचावा. आगाऊ रक्कम त्यानंतर भरावी.